‘नवा जिल्हा’ नावाचं चित्र

माझ्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन नांदेडला एका वाचनालयाच्या सभागृहात भरलं, तेव्हा माय मुदखेडहून सकाळच्या गाडीने एकटीच आली. आपल्याला चित्रातलं काही कळत नाही, असं ती भेटेल त्याला सांगत होती. एकेका चित्रासमोरून ती पुढे सरकायची आणि मी तिच्या मागे. शेवटच्या भिंतीवरच्या मोठ्या चित्रापाशी ती थांबली. मग तिने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली.

“हे तुला कुणी सांगितलं?”

“काय?”

“हे. कुणी सांगितलं तुला?”

मला हसू आलं. त्या चित्राला मी ‘नवा जिल्हा’ असं नाव दिलं होतं. लातूर जिल्हा होऊन पाच-सहा वर्षंच झाली होती आणि मी तिथल्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. शहराला जिल्ह्याचं रूप आणायचं म्हणून जिकडंतिकडं खोदकाम चाललेलं. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, त्यांच्या पाट्या नव्याकोऱ्या, आणि त्यातच पावसाने दगा दिलेला. माझ्या खोलीच्या गच्चीवरून उकरलेले रस्ते दिसायचे, टँकरभोवतीची झोंबाझोंबी दिसायची, धुळीने तांबूस झालेलं आभाळ दिसायचं. ते बघून मी रंगवायची. त्यात घरं नसत, माणसं नसत, नुसते रंगांचे थर. या चित्रात काळे, तपकिरी पट्टे एकमेकांना दाबत खाली आले होते आणि वर, अगदी कोपऱ्यात, पिवळ्या उजेडाची एक चिंचोळी फट होती.

“लातूर हाय हे, माय,” मी म्हणाले. “माझ्या गच्चीवरून दिसतं तसं.”

“न्हाई. हे तू खालून बघितलंस.”

एवढं बोलून ती तिथेच फरशीवर बसली.

मी पाणी आणलं. तिने पेला हातात धरून ठेवला, प्यायली नाही. मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी पाच वर्षांची होते. ते वर्ष आम्ही नांदेडला मावशीकडे काढलं, असं मला घरात कायम सांगितलेलं होतं. मावशीची शेळी, दारातला कडुनिंब, हे सगळं मला आठवतं असंच मी समजत आले होते. माय म्हणाली, मावशीकडे आपण गेलोच नव्हतो. तेव्हा आम्ही उमरीजवळच्या आमच्या खेड्यातच होतो. गावालगत पाझर तलावाचं काम निघालं होतं. ती तिथे माती वाहायची आणि मला सोबत न्यायची. एका दुपारी मी खोदलेल्या कडेच्या सावलीत बसले होते आणि ती कड कोसळली.

“तू मातीखाली गेलीस,” माय म्हणाली. “हातानं उकरलं आम्ही. टिकाव कसा मारावा? तुलाच लागला असता.”

तेवढ्यात कुणीतरी येऊन चित्रांबद्दल चांगलं काही बोललं आणि मी “हो, हो” म्हणत राहिले. माणूस गेल्यावर मी मायला विचारलं, “मग मी जगले कशी?”

“तुझ्या अंगावर एक बाई होती.”

ती बाई गावातल्या जमीनवाल्या घरची. चांगल्या सालात मायनं त्यांच्याच रानात खुरपणी केलेली. त्यांच्या विहिरीला आम्ही हात लावायचा नाही. त्यांनी वरून ओतायचं आणि आम्ही ओंजळ धरायची. दुष्काळात तीही डोक्यावर टोपलं घेऊन त्याच खड्ड्यात उतरली होती. कड सुटताना बाकीच्या बाया बाहेर पळाल्या. ती उलटी आत धावली आणि माझ्यावर पालथी पडली. माती काढली तेव्हा तिच्या पोटाखालच्या पोकळीत मी जिवंत होते. ती गेली होती.

त्यानंतर कित्येक महिने मी बोललेच नाही, म्हणे. वाचा परत आली तेव्हा वडिलांनी सगळ्यांना बजावलं, पोरीपुढं हे काढायचं नाही. मावशीकडचं वर्ष तेव्हाच रचलं गेलं, आणि लगोलग आम्ही गाव सोडून मुदखेडला आलो.

मी मान वर करून चित्राकडे बघितलं. गच्चीवर उभ्या असलेल्या माणसाला उजेड असा डोक्यावर, कोपऱ्यात अडकलेला कशाला दिसेल? कितीतरी दिवस मी त्या फटीवर काम केलं होतं आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी बाहेर जाऊन पायरीवर बसले.

प्रदर्शन उतरवल्यावर मी मायला घेऊन त्या गावी गेले. माय आधी नको म्हणत होती. “कोणतं तोंड घेऊन जावं?” पण निघाली. चित्राचं कापड मी गुंडाळून काखेत घेतलं होतं. का घेतलं, ते मलाच कळत नव्हतं.

त्या बाईचे मालक ओसरीत बसले होते. थकले होते, पण नजर साफ. मायला त्यांनी बघताच ओळखलं. मग माझ्याकडे बघत राहिले.

“हीच का?”

“हाव, दादा.”

मी चित्र उलगडून त्यांच्यापुढे धरलं आणि जमेल तसं सांगितलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

“ह्याच्यात ती कुठं हाय?”

“दिसत न्हाई,” मी म्हणाले. “ती माझ्यावर होती.”

त्यांनी कापड नीट गुंडाळून माझ्या हातात परत दिलं. मग अगदी सावकाश विचारलं, “ती काई बोलली का गं, बाई? तुझ्या कानापाशीच होतं तिचं तोंड.”

या प्रश्नाचं उत्तर जगात कुणाजवळ असलंच तर माझ्याजवळ होतं.

“आठवत न्हाई, दादा.”

“मी तवाच इचाराया आलतो तुमच्या घरी,” ते म्हणाले. “दोनदा आलो. पर तू बोलतच न्हवतीस.”

मायला हे ठाऊक होतं. ती भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. निघताना ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, “आठवलं तर कळव. मी हाय तवर.”

आता तेही राहिले नाहीत. मी अजून रंगवते. मातीचे थर ओढताना कधीकधी हात थांबवून कान देते. मला काही ऐकू येत नाही.