तिसऱ्या बेटाची तालीम

माझ्या नाकावर राग असतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून अंदमानचा बेत सांगण्याआधी बाबांनी स्वतः चहा केला, मला आवडतो तसा भरपूर आलं घालून, आणि कप माझ्या हातात दिल्यावर मग टेबलावर नकाशा पसरला. बाबा चहा करतात तेव्हा पुढे काहीतरी वाढून ठेवलेलं असतं. त्या दिवशी मात्र नकाशातला निळा रंग बघून मी सगळं विसरले.

आम्ही दिल्लीत द्वारकेला राहतो. आई, बाबा, दादा आणि मी. बाबा नोकरीसाठी पुण्याहून आले आणि इथलेच झाले. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे, बाबांपेक्षा उंच, भरदार खांद्यांचा. त्याला ऑटिझम आहे. तो मोजकंच बोलतो आणि त्यातलं निम्मं मेट्रोतल्या घोषणांमधलं असतं. काल जसं होतं तसंच त्याला आज लागतं. पलंगावरची चादर न सांगता बदलली तरी त्याचा दिवस बिघडतो, आणि त्याचा बिघडला की आमचाही. त्यामुळे आम्ही चौघं मिळून कधी सुट्टीला गेलोच नव्हतो. नात्यात लग्न निघालं तर बाबा एकटेच जायचे. शाळेत मुली गोव्याचे फोटो दाखवायच्या तेव्हा मी ‘हो, छान आहे’ म्हणून वही काढून बसायचे. मी समुद्र पाहिला तो मावशीबरोबर. आईबरोबर पाण्यात उभी राहिलेली मी एकदाही नाही, आणि चोवीस वर्षांची घोडी झाले तरी मला ते अजून लागतं.

तर बेत असा होता: जानेवारीत आधी पोर्ट ब्लेअर, तिथून बोटीने हॅवलॉक, मग नील. तीन बेटं.

‘‘आणि दादा?’’ मी विचारलं.

‘‘त्याचीच तर तयारी करायची,’’ आई म्हणाली. ‘‘आपल्याकडे तीन महिने आहेत.’’

दादाच्या शाळेतल्या बाईंनी पूर्वी आम्हाला शिकवलं होतं की नवी गोष्ट त्याच्यासमोर एकदम आणून आदळायची नाही. तिची घरी तालीम करायची, थोडी थोडी, रोज. न्हाव्याची अशीच केली होती, दाताच्या डॉक्टरांचीही केली होती. पण समुद्राची तालीम दिल्लीत कशी करणार? मी हसले. बाबा हसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी ते बांधकामाच्या सामानाच्या दुकानात गेले आणि चार गोणी वाळू घेऊन आले. इकडे जाड्या तांबूस वाळूला बदरपुर म्हणतात. दुकानदाराने विचारलं होतं, ‘‘क्या बनवा रहे हो, भाईसाहब?’’ आणि बाबांनी खरं ते सांगितलं होतं, ‘‘बीच.’’

ही वाळू आम्ही गच्चीत एका कोपऱ्यात ओतली. पहिल्या दिवशी दादाने तिच्यात एक पाय ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलून घेतला. मग रोज संध्याकाळी आई आणि मी त्याला घेऊन वर जायचो. आधी चपला घालून, मग मोजे घालून, मग अनवाणी. दिवाळीनंतर हवा बिघडली, आकाश राखाडी झालं, आणि प्रदूषणावरचं ग्रॅप लागलं. म्हणजे बांधकामं बंद आणि उघड्या वाळूला दंड. सोसायटीचे सेक्रेटरी धापा टाकत गच्चीवर आले. ‘‘भाभीजी, खुली रेत! चालान हो जाएगा यार!’’ आईने त्यांना सगळं समजावून सांगितलं. अंकलनी दादाकडे पाहिलं, वाळूकडे पाहिलं, आणि जाऊन स्वतःच हिरवी जाळी घेऊन आले. दादा बसलेला नसेल तेव्हा समुद्रकिनारा झाकून ठेवायचा, एवढीच अट. मास्क लावून, खोकत, धुरकट उन्हात आम्ही बीचची सवय करत होतो. बाहेरच्या कोणी पाहिलं असतं तर आम्हा सगळ्यांनाच वेड लागलंय असं म्हटलं असतं.

लाइफ जॅकेट आलं तेव्हा ते घालायला दादाने चार दिवस घेतले, आणि मग काढायला तयार होईना. केशरी जॅकेट घालून तो टीव्ही बघायचा, केशरी जॅकेट घालून दुधाच्या बूथवर जायचा. बूथवाला म्हणाला, ‘‘बाढ़ आने वाली है क्या जी?’’ दादा त्याला म्हणाला, ‘‘कृपया दरवाज़ों से हटकर खड़े हों.’’ आई इतकी हसली की तिला कट्ट्यावर बसावं लागलं. ते दिवस चांगले होते. पुढे जे झालं त्यामुळे ते खोटे ठरत नाहीत, असं मी स्वतःला बजावते.

बोटीची तालीम म्हणून मेट्रो. दादाला मेट्रो आवडते, पण बोटीसारखी गर्दी, सामान आणि ताटकळणं याची सवय हवी, म्हणून आम्ही पाठीला सॅक लावून फेऱ्या मारायचो. आधी चौघं शेजारी शेजारी. मग आई-बाबा डब्याच्या दुसऱ्या टोकाला. मग पुढच्या डब्यात. मला वाटलं, गर्दी आहे, जागा मिळाली तिथे बसले असतील. वाळूतही हळूहळू आईचं खाली काहीतरी काम निघायला लागलं. कुकर, फोन, दार वाजलं. आणि मग हॉटेलातल्या वेगळ्या खोलीची सवय म्हणून दादाचा पलंग माझ्या खोलीत आला. माझं टेबल बाहेर हॉलमध्ये गेलं. मी कुरकुर केली, आई म्हणाली, ‘‘जानेवारीपर्यंतच तर आहे गं.’’

त्याच सुमारास ऑफिसने मला हैदराबादला जाणार का विचारलं होतं. वरची जागा, वेगळी टीम. मी घरी सांगितलं होतं आणि आई लगेच म्हणाली होती, ‘‘जा की. बिल्कुल जा.’’ उत्तर फेब्रुवारीत द्यायचं होतं. मी मनातल्या मनात बॅग भरायलाही घेतली होती. आधी अंदमान, मग हैदराबाद. माझ्या आयुष्यात एकामागून एक दोन चांगल्या गोष्टी घडणार होत्या आणि मी वेड्यासारखी खूश होते.

एका रविवारी पोहे झाल्यावर बाबांनी लॅपटॉप उघडला. हॉटेलं ठरवायची होती.

‘‘पोर्ट ब्लेअरला चौघं एकाच खोलीत,’’ ते म्हणाले. ‘‘हॅवलॉकला दोन खोल्या, शेजारच्या. एकीत आई आणि मी, दुसरीत तू आणि दादा. आणि नीलला तुम्ही दोघंच जायचं. दोन रात्री. आम्ही हॅवलॉकलाच थांबू.’’

मला वाटलं ते थट्टा करतायत. ‘‘का? तुम्हाला हनिमून करायचाय का?’’

कोणी हसलं नाही. आई ताटल्या गोळा करत होती, ती थांबली. आणि मग मला सगळं एकदम दिसलं. डब्याचं दुसरं टोक, पुढचा डबा, कुकर, फोन, माझ्या खोलीतला पलंग. पहिल्या बेटावर सगळे, दुसऱ्यावर भिंतीपलीकडे, तिसऱ्यावर मधे पाणी. तालीम दादाची चाललेलीच नव्हती. माझी चालली होती.

मी जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मी म्हटलं की तुम्ही मला फसवलंत. मी म्हटलं की मला सुट्टी हवी होती, तुम्ही माझी परीक्षा लावलीत. मी म्हटलं की आईबरोबर समुद्रात उभं राहायला मी चोवीस वर्षं थांबले, आणि आता आई दुसऱ्या बेटावर. दादा हॉलमध्ये कानांवर हात ठेवून झुलायला लागला, तेव्हा माझा आवाज खाली आला. राग नाही उतरला.

‘‘गेल्या वर्षी बाबांना स्टेंट टाकला तेव्हा मी हॉस्पिटलमध्ये होते,’’ आई म्हणाली. ‘‘तेव्हा काय झालं ते तुला आठवतंय.’’

आठवत होतं. दादा दोन दिवस जेवला नव्हता. मी दिलेलं, शेजारच्या काकूंनी दिलेलं, बाहेरून मागवलेलं, काहीच नाही. दाराशी बसून राहिला आणि तिसऱ्या दिवशी आई आल्यावर तिच्या हातचं जेवला. तो कोणाच्याही हातचं जेवत नाही. चमच्याने दिलेलंही चालत नाही. भात आईनेच कालवायचा.

‘‘मी सतत असणार आहे का?’’ आई म्हणाली. ‘‘तू हैदराबादला जा. जिथे जायचं तिथे जा. पण आमच्यानंतर त्याला तुझ्या हातचं गेलं पाहिजे. एवढं बघू दे मला.’’

‘‘मग मला विचारायचं होतंस.’’

‘‘विचारलं असतं तर तू मन मारून हो म्हणाली असतीस,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणून नाही विचारलं.’’

मी माझ्या खोलीत गेले, तर तिथे दादाचा पलंग. मग गच्चीत गेले आणि हिरव्या जाळीवर बसून मनसोक्त रडले.

आठवडाभर आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोलत होतो. नीलचं बुकिंग करायचं तसंच राहिलं. मग शनिवारी सकाळी आई म्हणाली, ‘‘आम्ही दोघं करोल बागला जाऊन येतो. टोप्या, सुती कपडे घ्यायचेत. संध्याकाळ होईल.’’ करोल बाग आमच्याकडून सरळ एका मेट्रोवर आहे. कपडे आणायला अख्खा दिवस लागत नाही. मला कळलं, तिलाही कळलं की मला कळलंय. ‘‘वरण-भात करून ठेवलाय,’’ ती म्हणाली आणि चपला घालून निघून गेली.

दादा दाराशी जाऊन उभा राहिला. तासभर उभाच होता. मी त्याला टीव्ही लावून दिला, मेट्रोचे व्हिडिओ लावून दिले. तो ‘आई’ म्हणाला. मग पुन्हा म्हणाला. मी म्हटलं, संध्याकाळी येईल. दुपारी मी त्याच्या ताटात भात वाढला, वरण, तूप, लिंबू, सगळं आईसारखं केलं, आणि कालवून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ताट सरकवलं. मी परत पुढे केलं. त्याने असं ढकललं की वरण माझ्या कुर्त्यावर आलं.

‘‘नको तर नको!’’ मी ओरडले. ‘‘उपाशी मर! मी काय आई आहे तुझी?’’

तो हबकला. मी ताट तिथेच टाकून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून कुर्ता घासत बसले. डाग कधीच गेला होता, तरी घासत होते. मला त्याचा राग आला होता, आईचा आला होता, आणि आपण त्याला काय बोललो याची शरम वाटत होती, सगळं एकदम. बाहेर आले की तो पुन्हा दाराशी उभा असणार, हे मी धरून चालले होते.

तो दाराशी नव्हता. ताटासमोर मांडी घालून बसला होता. मी जवळ गेले तसं त्याने माझं मनगट धरलं आणि माझा हात भातात नेऊन ठेवला. आईचं मनगट तो असंच धरतो, हे मी रोज बघत आले होते, पण ती पकड अशी असते हे मला माहीत नव्हतं. घट्ट, पण न दुखणारी. मी कालवलं त्याला पटलं नव्हतं. त्याच्यासमोर, त्याने हात धरल्यावर कालवायचं असतं. मी पुन्हा कालवलं. तो खाली बघत, घाई न करता जेवला. एकही शीत उरलं नाही.

मला आनंद झाला. खरंच झाला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याने तो ठेवू दिला. आणि मग मी इतकी घाबरले की उष्टं ताट हातात धरून तिथेच बसून राहिले. आतापर्यंत मला म्हणता येत होतं, त्याला फक्त आईच चालते, मी तरी काय करणार? आता तसं म्हणता येणार नव्हतं. आज त्याचं घर आणखी एका माणसाएवढं वाढलं होतं आणि ते माणूस मी होते.

ते परत आले तेव्हा उजेड होता. आई उंबऱ्यातच उभी राहिली, हातात पिशव्या, पायात चपला तशाच.

‘‘जेवला?’’

मी नाही म्हणू शकले असते. दादाने काही सांगितलं नसतं. नाही म्हटलं असतं तर नील बेट रद्द झालं असतं, पलंग माझ्या खोलीतून गेला असता, आणि कोणी मला दोष दिला नसता. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं, आणि ते तिच्यासमोरच आलं, कारण ती माझ्याकडेच बघत होती.

‘‘जेवला,’’ मी म्हटलं. ‘‘सगळं.’’

‘‘तुझ्या हातचं?’’

‘‘हो. मनगट धरून.’’

आई चपलांच्या कपाटावर बसली. ‘‘बरं झालं,’’ ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, ‘‘बरं झालं गं,’’ आणि तिचे डोळे भरून आले. हेच व्हावं म्हणून तिने इतके दिवस आटापिटा केला होता, आणि आता तिला ते सोसत नव्हतं. दादा तिच्या हातातल्या पिशव्यांत डोकावत होता. आपल्या हातून काहीतरी गेलं असं आईला वाटतंय, हे तिच्याकडे बघून स्पष्ट कळत होतं. मला तिची फार दया आली, आणि माझीही.

बाबांनी पिशव्या खाली ठेवल्या. ‘‘मग नीलचं करू बुक?’’ त्यांनी विचारलं, आणि विचारताना ते आईकडे नाही, माझ्याकडे बघत होते. या सगळ्या बेतात मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

‘‘दोन रात्री नाही,’’ मी म्हटलं. ‘‘एक.’’

बाबांनी आईकडे पाहिलं. तिने पदराने डोळे पुसले आणि वाकून चपलेचा पट्टा सोडवायला लागली.

‘‘चालेल,’’ ती खालीच बघत म्हणाली. ‘‘सुरुवातीला एक पुरे.’’