आधी आवाज, मग माणूस

विभागाचं नाव इतकं ऐसपैस होतं की पाटीवर दोन ओळींतही जेमतेम मावायचं. विज्ञान, वैद्यक आणि तंत्रज्ञान समाजात नेमकं काय करतात, याचा अभ्यास तिथे चाले. शिकवायला एक इतिहासकार, एक इंजिनिअर आणि एक डॉक्टर. तिघांचं एकमत फक्त कॅन्टीनच्या चहाबद्दल होतं, आणि ते चांगलं नव्हतं. या मंडळींत ती पीएच.डी.ला आली तेव्हा तिचं अर्धं आयुष्य नर्स म्हणून सरलं होतं. विभागात तिला सगळे 'सिस्टर' म्हणत. वॉर्डात जुन्या मैत्रिणी 'प्रोफेसरीणबाई' म्हणून चिडवत. नवरा म्हणे, "दोन्हीकडे पाहुणीच तू. जेवायला तेवढी घरी ये."

तिचा विषय अतिदक्षता विभागातल्या मॉनिटरचा. तो कोकलला की नर्स आधी त्याचा आवाज बंद करते आणि मग रुग्णाकडे बघते. असं का, यावर प्रबंध उभा राहायचा होता. रुग्णालयाच्या अधीक्षकांनी परवानगी देताना अट घातली होती: कोपऱ्यात स्टुलावर बसा, बघा, पण रुग्णाला किंवा यंत्राला हात लावू नका. लावलात तर परवानगी रद्द. आणि परवानगी गेली की प्रबंधही गेला.

त्या दुपारी दारालगतच्या खाटेवरच्या बाईचं हृदय थांबलं. इन्चार्ज सिस्टर, जिला सगळे 'थोरली' म्हणत, बाईच्या छातीवर जोर देत होती. बाकीच्याही तिथेच अडकल्या होत्या. तेवढ्यात खिडकीकडच्या म्हाताऱ्याचा मॉनिटर ओरडायला लागला.

"बघा गं कुणीतरी!" थोरली मागे न बघता ओरडली.

कुणी मोकळं नव्हतं. ती स्टुलावर बसून राहिली. म्हाताऱ्याच्या बोटावरचा ऑक्सिजन मोजणारा चिमटा निसटला असेल, नेहमीसारखा. पडद्यावर ऑक्सिजनचा आकडा उतरत होता. चिमटा निसटला तर आकडा एकदम गायब होतो. हा पायरी पायरीने खाली येत होता. तिने पाय जमिनीला घट्ट टेकवले, जणू स्टूलच तिला धरून ठेवणार होतं.

मग ती उठली.

खाटेपाशी पोचताच तिने बटण दाबून आवाज बंद केला. वॉर्डाचा तो कोपरा शांत झाला. तिने चिमटा तपासला, जागेवर होता. मास्कचा पट्टा तपासला, तोही नीट होता. आकडा अजून उतरतच होता. आता कुठे तिने म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ निळे पडले होते. मास्कची नळी भिंतीकडच्या टोकाला सुटून जमिनीवर लोळत होती. तिने ती खोचली, खाटेचं डोकं उचललं आणि म्हाताऱ्याचा खांदा धरून म्हणाली, "आजोबा, श्वास घ्या. मोठा घ्या." आकडा थबकला, रेंगाळला, मग नाइलाजाने चढल्यासारखा वर आला.

दारालगतच्या बाईची नाडी परत आल्यावर थोरली घाम पुसत तिच्याकडे आली. जमिनीकडे, नळीकडे, मग तिच्या हाताकडे तिने पाहिलं.

"तू नाही, मी लावली नळी. कळलं?"

"आवाज मी आधी बंद केला, थोरले. त्याच्याकडे बघायच्या आधी."

"मग काय झालं? आम्ही रोज करतो."

"बटण दाबल्यानंतरही आकडा खाली गेलाय. मॉनिटरमध्ये त्याची नोंद राहते. उद्या कुणी विचारलं तर ती दिरंगाई तुझ्या नावावर जाईल."

"जाऊ दे ना बाई! माझी नोकरी पक्की आहे. तुझा प्रबंध आहे का पक्का?"

थोरलीचं म्हणणं खोडण्यासारखं नव्हतं, हीच अडचण होती. मग ती जिना उतरून अधीक्षकांकडे गेली.

अधीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं. "तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर मी आभार मानले असते," ते म्हणाले. "तुमचेही मानतो. पण ओळखपत्र ठेवून जा."

बाहेर थोरली जिन्यात उभी होती. रिकाम्या गळ्याकडे बघून तिला काय ते समजलं.

"बरं वाटलं आता?"

"नाही."

"प्रबंधाच्या सरांना काय सांगणार?"

"सांगेन, एक नर्स सापडली, आवाज आधी का बंद केला ते सांगायला तयार आहे."

"आणि का केलं म्हणे तिने?"

"अजून विचारतेय तिला. म्हातारा कसा आहे?"

"मास्क काढा म्हणून शिव्या घालतोय."

"मग नको काढूस," ती म्हणाली आणि कठड्याला धरून खाली उतरू लागली.