विलासचा डबा

तोंडावर मी त्याला विलासभाऊ म्हणायची. इथे नुसतं विलास लिहिणार आहे. तेवढं तरी मला करू द्या.

पुलगावला स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं नेटचं दुकान होतं. पाच कॉम्प्युटर. मी रोज झाडायची आणि त्यांचे पडदे पुसायची. गिऱ्हाईक आलं की तो आधी मान वर न करता म्हणायचा, "काय पाहाचं हाय ते सांग. हात लावजो नको."

टेलिफोनची तार सारखी बिघडायची आणि नेट जायचं. म्हणून त्याने नेटच्या खिडकीला एक जोड बसवून घेतली होती. कोपऱ्यातलं बटण दाबलं की समोरचं पान जसंच्या तसं कॉम्प्युटरात उतरायचं, मग नेट नसलं तरी उघडायचं. त्याला तो डबा म्हणायचा. सकाळी नेट आलं की रेल्वेचं वेळापत्रक, कापसाचे भाव, नोकरीच्या जागा, निकाल, सगळं डब्यात भरायचा. दिवसभर गिऱ्हाइकाला त्यातलंच दाखवायचा. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "नेट येते-जाते. डब्यातलं कुठी जात नाई." आणि माझ्याकडे बघून हसायचा, "या बाईले विचारा. चौथी पास हाय, पण डबा समजते तिले."

लोक हसायचे. मी फडकं पिळत राहायची.

माझी वर्षा बारावी झाली आणि तिने नर्सिंगचा अर्ज भरला. पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. दुसरी यादी नेटवरच्या त्याच पानावर लागणार होती. ती सोमवारपासून रोज यायची. विलास डबा उघडून तेच पान दाखवायचा. "नाई तुहं नाव. काऊन रोज रोज येऊन राह्यली? मायले कामाले लावलं, तेवढं पुरे नाई काय?"

शुक्रवारी मी तिच्या मागे पडदा पुसत उभी होते. पानाच्या वर एक फिकी पट्टी यायची, त्यात पान कधी उतरवलं ती तारीख असायची. आकडे मला वाचता येतात. तारीख आदल्या आठवड्यातली होती. दुकानात चार माणसं बसली होती. माझ्या तोंडाशी आलं होतं, पण चार माणसांत मी बोलले नाही.

पुढच्या आठवड्यात वर्षाच्या मैत्रिणीने सांगितलं, नाव दुसऱ्या यादीत होतं आणि प्रवेशाची मुदत संपली. मी विलासला विचारलं. तो म्हणाला, "म्या काय केलं? डब्यात जे होतं ते दाखवलं." वर्षा कापडाच्या दुकानात लागली. घरात माझ्याशी कमी बोलायची. तिला तारखेचं मी कधी सांगितलं नाही.

दोन वर्षांनी लोक मोबाइलवर नेट बघायला लागले आणि विलासने दुकान बंद करायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी मी पुसायला गेले तर तो खुर्चीत बसून डबा वरून खाली सरकवत होता. "पाह्य बाई, किती वर्षांचं हाय. एक पान पुसलं नाई म्या."

एका जागी नर्सिंगच्या यादीच्या पानाचं नाव तीनदा, एकाखाली एक. वरच्याची तारीख मी ओळखली. खालच्या दोन्ही पुढच्या होत्या.

"भाऊ, ते सगळ्यात खालचं उघडा."

"काऊन?"

"उघडा म्हणते ना."

एवढ्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदा असं बोलले. त्याने उघडलं. दुसरी यादी होती, त्याच आठवड्यात बुधवारी उतरवलेली. एकोणिसावं नाव माझ्या वर्षाचं. त्याने सकाळी बटण दाबून ती भरून ठेवली होती आणि रोज वरचंच पान उघडून माझ्या पोरीला परत पाठवलं होतं.

त्याने नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता तरी काही बोलेल.

"पाह्य!" तो टेबलावर थाप मारून म्हणाला. "होतं ना माह्याजवळ? म्हणत नव्हतो काय म्या, डब्यातलं कुठी जात नाई!"

मी ओलं फडकं त्याच्या कॉम्प्युटरच्या बटणांवर तसंच टाकलं आणि घरी आले. वर्षा दुकानातून यायची होती. ती आल्यावर पहिल्यांदा तिला त्या शुक्रवारच्या तारखेचं सांगितलं.