वाटीतला रुपया

अंबरनाथच्या एका लॅबमध्ये तो पेप्टाइडची औषधं बनवतो. उल्हासनगरात मी जुने फ्रीझर दुरुस्त करून विकतो. माझा माल परत येत नाही, त्याने पाठवला. त्या गोष्टीला दोन वर्षं झाली, राग तसाच आहे.

हा माणूस भावच करत नाही. वाटीत बर्फ गोठवतो, वर रुपया ठेवतो आणि आठ दिवस फ्रीझर उघडून नाण्याची विचारपूस करतो. नाणं बुडालं, म्हणजे मधल्या काळात कधीतरी बर्फ वितळला होता. कुल्फीवाल्याकडेही आज वाटी ठेवून हा उद्या कुल्फी खातो.

"अर्धंच बुडालंय ना!" मी तेव्हा ओरडलो होतो.

"पेप्टाइड म्हणजे साखळी, शेठ," तो शांतपणे म्हणाला. "अर्धी तुटली असं नसतं."

मागच्या महिन्यात तो रस्त्यात भेटला. इन्शुलिन घेऊनही बायकोची साखर उतरत नाही, हे माझ्या तोंडून निघून गेलं.

"इन्शुलिनही पेप्टाइडच. घरचा फ्रिज कुणी दुरुस्त केलाय?"

"मी!"

त्याने खिशातून रुपया काढून माझ्या हातावर ठेवला.

घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात मी वाटी ठेवली; चार दिवसांनी तो रुपया तिच्या तळाशी होता. मी ते इन्शुलिन फेकलं, नवं आणलं आणि कोरा फ्रिज घेतला, जन्मात पहिल्यांदा भाव न करता. बायकोची साखर उतरली.

काल तो दुकानात आला. "रुपया कुठे आहे?"

"वरच आहे!" मी खेकसलो.

माझ्यामागच्या नव्या फ्रिजच्या रिकाम्या खोक्याकडे बघत तो म्हणाला, "छान."