मालवणात बोट लागायची तेव्हा
सुरंगीच्या फुलांच्या वळेसराचा, म्हणजे गजऱ्याचा, वास आला की मला मालवणच्या वाचनालयातलं माझं पहिलं व्याख्यान आठवतं. विषय होता मुंबईहून येणाऱ्या बोटीचे दिवस. बाहेर खारा वारा सुटला होता आणि खिडक्या आपटत होत्या. "प्रवासी बोटीतून होडीत आणि होडीतून थेट धक्क्यावर उतरत," असं मी ठासून सांगितलं, तोच मागच्या रांगेतून केसांत तो पिवळा वळेसर माळलेली एक म्हातारी उठली. "झिला, ओहोटीक धक्क्यार पाणीच नसायचा. माझ्या बापाशीन माणसा खांद्यार घेवन काठार आणली." वर्षभर मी जुने कागद धुंडाळले होते, त्यांत हे कुठेच नव्हतं. तेवढ्यात मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेले एक आजोबा पुढच्या खुर्चीतून ताडकन उभे राहिले आणि पंजाला सहावं बोट जोडून दाखवत म्हणाले, "तुझ्या बापाशीच्या हाताक सा बोटा होती मां गो?" म्हातारीने तोंडावर हात धरला. "होय!" "मगे माका त्येनीच आणल्यान! पाच वर्सांचो होतंय, रडत होतंय." मग अख्खं सभागृहच बोलू लागलं, कोणाची आई, कोणाची ट्रंक, कोणाची नवी सून त्या खांद्यांवरून आली होती. मी माईक म्हातारीच्या हातात दिला आणि माझ्या भाषणाच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहीत सुटलो. शेवटी ती म्हणाली, "आता माझ्या बापाशीचा नाव लिव." आजही त्या विषयावर बोलायला उभा राहिलो की सुरुवात मी त्याच नावाने करतो.