वेढा पडलेल्या गावात कपडे कोण धुतं

मोठ्या इस्पितळाच्या तळघरात धुलाईखातं होतं आणि तिथं तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. वरच्या मजल्यांवरून मळक्या चादरींचे गठ्ठे खाली यायचे. ते सोडायचे, डाग बघून कपडे वेगळे करायचे, यंत्रात घालायचे, आणि गरम रोलरमधून सपाट होऊन निघालेल्या चादरींच्या घड्या घालायच्या. पायाखाली कायम ओल आणि डोक्यावर कायम वाफ. तिथं सगळे तिला ताई म्हणत. घरी मात्र थोरला भाऊ तिला अजून चिमणी म्हणायचा. पन्नाशी उलटून गेली होती, गुडघे बोलायला लागले होते, आणि अंगानं तर ती कुठूनच चिमणी राहिली नव्हती. पण दादाला ते दिसत नव्हतं.

दादा कारखान्यात लेथ यंत्रावर कामाला होता. साखरेच्या आजारानं त्याची नजर हळूहळू नेली. आधी अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे, मग खिडकी. बायको त्याआधीच गेली होती, मुलगी परक्या देशात संसाराला लागली होती. चिमणीचं लग्न झालंच नव्हतं. का झालं नाही, हे सांगायचाही तिला आता कंटाळा यायचा. तिनं आपली भाड्याची खोली सोडली आणि दादाकडे राहायला आली. कोणी तिला तसं म्हटलं नव्हतं, पण दुसरं कोणी येणारही नव्हतं.

संध्याकाळी ती त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायची. एक दिवस दादा म्हणाला, "पुरे आता हे. कादंबरी आण एखादी. जुन्या काळातली. किल्ले होते, गलबतं होती, रोगराईनं गावंच्या गावं ओस पडायची, त्या काळातली."

"आजकालची का नको?"

"आजकालचं जग तुला दिसतं, मला नाही. वाचताना तू पुढे आणि मी मागे. ते जुनं तू तरी कुठं पाहिलंयस? तिथं आपण दोघंही आंधळी. बरोबरीत राहू."

दुसऱ्या दिवशी काम संपवून ती पोस्टाच्या वरच्या वाचनालयात गेली. तिथला ग्रंथपाल बारमाही गळ्यात मफलर घालून बसलेला असायचा. त्यानं हनुवटीनंच एक कपाट दाखवलं. "ऐतिहासिक सगळं त्यात. हवं ते न्या."

तिनं वरचं पहिलं उचललं. मुखपृष्ठावर घोडा, घोड्यावर वीर, वीराच्या हातात तलवार. दादानं चार संध्याकाळी मुकाट्यानं ऐकलं. मग म्हणाला, "चिमणे, हा माणूस पहिल्या पानापासून घोड्यावर बसलाय. खाली कधी उतरणार? घोड्याला पाणी कोण पाजतं?"

दुसऱ्या पुस्तकात राजकन्या आणि तिचा प्रियकर होते. "ही दोघं कालच्या सिनेमातली आहेत," दादा म्हणाला. "नुसते कपडे बदललेत." तिसऱ्याची भाषा इतकी जड की एक वाक्य संपेपर्यंत तिचा दम संपायचा आणि वाक्याच्या सुरुवातीला काय होतं ते दोघंही विसरलेली असायची. चौथ्यात राजा भाषण करायचा, मग सेनापती, मग पुन्हा राजा. ते तिनंच मिटून ठेवलं.

पुस्तकं परत करायची, नवी आणायची, जिने चढायचे, उतरायचे. दिवसभर उभं राहिल्यावर ते जिने तिच्या जिवावर यायचे. एकदा ती ग्रंथपालाला म्हणाली, "चांगली एखादी सांगा ना तुम्हीच."

"चांगली म्हणजे कशी?"

ती कपाटाला पाठ टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "ज्यात माणसं दमतात, अशी."

ग्रंथपालानं मफलर सारखा केला. "खरं सांगू का ताई, मी ते कपाट कधी वाचलेलं नाही. मी इथं बसतो फक्त. तुम्हीच बघा बसून."

मग ती खरंच फरशीवर बसली. पाय लांब केले आणि एकेक पुस्तक मधूनच उघडून बघायला लागली. सुरुवात सगळ्यांचीच झोकात असते, हे तिला एव्हाना कळलं होतं. मधे काय चाललंय ते महत्त्वाचं. लढाईचं पान आलं की ती पुढची दोनचार पानं चाळायची. इतकं रक्त सांडलं, मग ते कपडे कोणी धुतले? बहुतेक पुस्तकांत कोणीच धुवत नव्हतं. सकाळी वीर पुन्हा पांढराशुभ्र.

खालच्या फळीवर, भिंतीकडे सरकलेलं एक जाड पुस्तक होतं. मुखपृष्ठ फाटून गेलेलं, कोणीतरी तपकिरी कागद चिकटवलेला. तिनं मधेच उघडलं. तटबंदीच्या आतलं गाव, बाहेर शत्रूचा वेढा, विहीर आटत चाललेली. रंगाऱ्याची विधवा जखमींच्या पट्ट्या धुवायला पाणी मागतेय आणि पहारेकरी देत नाहीये. प्यायलाच पुरत नाही म्हणतो. ती म्हणते, गार पाणी दे, थोडं दे, पण आत्ता दे, रक्त वाळलं की मग अख्खी विहीर दिलीस तरी निघणार नाही.

ताई ते पान वाचून थांबली आणि तिनं ते पुन्हा वाचलं. लिहिणाऱ्यानं कधीतरी रक्ताचा कपडा हातात धरला होता, एवढं नक्की. ती उठली तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या.

त्या पुस्तकाला दादानं एकदाही नाव ठेवलं नाही. मधेमधे फक्त म्हणायचा, "थांब. परत वाच ते." पण पुस्तक जाड आणि ती थकलेली. वाक्याच्या मधेच तिचा डोळा लागायचा. दादा थांबून राहायचा. तिला जाग आली की म्हणायचा, "पहारेकरी जिना चढत होता," आणि ती पुढची ओळ शोधायची.

मग इस्पितळातलं मोठं यंत्र बिघडलं. दुरुस्तीला माणूस येईना, वरून गठ्ठे येणं काही थांबेना. बायकांनी हौदात हातानं चादरी पिळल्या. ती घरी आली तेव्हा बोटं सुजली होती, खांदे भरून आले होते. दादा खुर्चीत पुस्तक मांडीवर घेऊन तयार बसला होता.

"आज नको," ती म्हणाली.

"एकच प्रकरण. ते तटाचा दरवाजा उघडतात का, तेवढं—"

"दादा, मला नाही वाचायचं. आज नाही, उद्याही नाही. दिवसभर लोकांच्या चादरी, आणि घरी आले की तुझं गाव. माझं कोण बघणार?"

दादानं पुस्तक चाचपडून टेबलावर ठेवलं. त्यानंतर काही दिवस घरात फक्त रेडिओ बोलायचा. तिला वाईट वाटत होतं, पण माघार घ्यायचंही त्राण नव्हतं. दादानंही पुस्तकाचं नाव काढलं नाही.

एका संध्याकाळी ती कोमट पाण्यात पाय सोडून बसली होती. दादानं रेडिओ बंद केला. म्हणाला, "तू गप्प बस. मी सांगतो." आणि त्यानं पहिल्या पानापासून गोष्ट सांगायला घेतली. ते गाव, तो तट, विधवेच्या अंगणातल्या रंगाच्या कढया, सगळं सावकाश, काही न गाळता.

ती ऐकत राहिली. वाचताना तिला गोष्ट नीट कळतच नव्हती. रोलरमधून चादर सरकावी तशी ती ओळ पुढं सरकवत होती. आता पहिल्यांदा तिला ते अंगण दिसलं.

"ती बाई चांगली उंचीपुरी," दादा सांगत होता, "केस पांढरे."

"दादा, ती बारीक आहे. आणि केस काळे आहेत. मी वाचलंय ना."

"तुझ्या पुस्तकात असेल," दादा म्हणाला. "पुढं ऐक."

तिला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं.

तिथून दोघांचं ठरून गेलं. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी ती वाचायची. एरवी दादा आधीचं सांगायचा, ती पाय वर करून पडून ऐकायची आणि चुकला की टोकायची. पुस्तक संपायला फार वेळ लागला. शेवटी दरवाजा उघडलाच नाही. शत्रूच्या छावणीत रोग शिरला, घोडे मेले, आणि एका सकाळी ते तंबू मोडून निघून गेले. गावात कोणी जल्लोष केला नाही. लोक तटावर चढून नुसते बघत राहिले.

"कोणी जिंकलं नाही म्हणजे," दादा म्हणाला.

"नाही. दमले आणि गेले."

"असंच होत असणार." मग म्हणाला, "पुढचं आण."

पुढचं मिळणं सोपं नव्हतं. ग्रंथपाल आता तिच्यासाठी दोनतीन काढून ठेवायचा. एखादं बरं निघायचं, बाकीच्यांतले वीर घोड्यावरून उतरायचे नाहीत. खरं चांगलं म्हणावं असं वर्षाकाठी एखादंच हाती लागायचं. मधल्या काळात दोघं साधारण पुस्तकांवर भागवायची, आणि त्यांतल्या रिकाम्या जागा दादा आपल्या मनानं भरायचा.

परवाचंच पुस्तक एका गलबताचं होतं. वारा पडलेला, माणसं डेकवर आडवी झालेली, प्यायच्या पाण्याला वास मारायला लागलेला. दोन पानं वाचून तिनं चष्मा काढला.

"दमलीस?"

"हो."

"मग राहू दे त्यांना तिथंच," दादा म्हणाला. "वारा नाहीये, कुठं जातायत."

तिनं खुणेला धागा घातला, पुस्तक मिटलं आणि दिवा मालवायला उठली.