पान सतरावरचा साहेब

टाइप करता करता ते मधेच थांबायचे. तापलेल्या तव्याला बोट लागावं तसे दोन्ही हात कीबोर्डवरून उचलायचे आणि विचारायचे, "हे कोण म्हणते?"

यवतमाळात आमच्या कॉलेजच्या मागच्या गल्लीत त्यांचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान होतं. मूळचे मारेगावकडचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मानसशास्त्राच्या पोरांच्या असाइनमेंट वर्षानुवर्षं टाइप करून त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. वाक्य दुसऱ्याचं असेल तर शेजारी कंसात त्याचं आडनाव आणि साल येतं, आणि शेवटच्या यादीत तोच माणूस पुस्तकासकट हजर असावा लागतो. कंसात आहे पण यादीत नाही असा कोणी दिसला की काका त्याला लग्नात हरवलेल्या पाहुण्यासारखे शोधत बसायचे. "पोरी, हे साहेब मधात दिसले, मांगं भेटूनच नाही राह्यले."

तुम्हीही कधी असाइनमेंट लिहिली असेल तर खरं सांगा, यादी कुठून आणली होती? आम्ही सगळे मागच्या वर्षीच्या यादीवरून उतरवायचो. सालं तेवढी पुढे सरकवायची, म्हणजे अभ्यास ताजा दिसतो. एकदा मी जरा जास्तच सरकवली. काका हसून हसून बेजार. "हे पुस्तक अजून छापायचं हाये वो माय!"

शेवटच्या वर्षाला मी विषय घेतला होता जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरचा शोक. एका दुपारी लाइट गेली आणि माझं काम अर्ध्यात थांबलं. काळ्या पडद्याकडे पाहत काका एकदम बोलायला लागले. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती.

"कुकरच्या शिट्ट्या ती मोजे. मी नुसता गॅस बंद करो. अजून बी शिट्टी झाली का मी विचारतो, किती झाल्या वो? मी नाही मोजत. मोजायले लागलो तं ती गेली हे पक्कं होईन." मग म्हणाले, "वरण रोजच जास्त शिजते."

मला भरून आलं. पण खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी डोक्यात हेही आलं की उदाहरण झकास आहे.

ते मी हाताने लिहिलेल्या कच्च्या मसुद्यात घातलं. असाइनमेंट तपासणाऱ्या मॅडमनी शेजारी 'छान उदाहरण' लिहिलं, आणि खाली लाल शाईत: आधार काय? काकांनी स्वतः सांगितलं असं लिहिता आलं असतं. पण टायपिंगवाल्याच्या बोलण्याला आधार म्हटलं तर वर्ग हसेल अशी मला भीती वाटली. मी एक इंग्रजी आडनाव बनवलं, पुढे साल, पुस्तकाचं भारदस्त नाव आणि पान सतरा. साहेबाच्या घरी कुकर शोभेना, म्हणून शिट्ट्यांच्या जागी भिंतीवरचं घड्याळ घातलं: चावी बायको द्यायची, ती गेल्यावर तो माणूस चावी देत नाही, नुसता विचारतो, किती वाजले? आणि फाइल काकांच्याच कॉम्प्युटरवर होती, म्हणून ते पानही त्यांच्याकडेच नेलं.

त्या ओळीवर त्यांचे हात उचलले गेले.

"हे कोण म्हणते?"

"पुस्तकात आहे, काका."

वाटलं, आता ओळखतील आणि चार शब्द सुनावतील. त्यांनी ओळ पुन्हा वाचली. त्यांचा चेहरा असा उजळला की आजही डोळे मिटले की तोच दिसतो.

"म्हणजे तिकडं बी कोणी असं करते? मले वाटे मीच येडा झालो." खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "पुढं काय लिहलं हाये? त्या माणसाचं पुढं कसं झालं? आणून दे न मले थे पुस्तक. मराठीत समजावून सांग."

"आणते," मी म्हटलं. त्यानंतर आणखी तीनदा म्हटलं. मग त्या गल्लीने जाणंच सोडलं आणि प्रिंट काढायला थेट गावाबाहेरच्या लोहाऱ्याला जायला लागले.

आज मी त्याच कॉलेजात संदर्भ कसे द्यायचे ते शिकवते. कोणी बोलता बोलता सांगितलेली गोष्ट असेल तर ती ओळीतच नोंदवायची, शेवटच्या यादीत घालायची नाही, कारण वाचणाऱ्याने शोधलं तरी त्याला ती कुठे सापडणार नाही. हा नियम मी दरवर्षी फळ्याकडे तोंड करून सांगते. मी इथे रुजू होण्याआधीच काका गेले होते. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. घरी कुकर लावला की पहिल्या शिट्टीनंतर माझी मोजणी चुकते, आणि मागे कोणीतरी उत्तराची वाट पाहत उभं आहे असं वाटतं. मी वळून पाहते. कोणी नसतं.

रुजू झाले त्या आठवड्यात ग्रंथपालांनी मागणीची जुनी वही पुढे केली, आमच्या विषयाची कोणती पुस्तकं मागवायची ते ठरवायला. एका पानावर काकांचं अक्षर होतं. माझ्या साहेबाचं आडनाव, साल, पुस्तकाचं नाव, पान सतरा. स्वल्पविराम, पूर्णविराम जिथल्या तिथे. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: घरी पाहिजे.

"लय चकरा मारल्या त्यायनं," ग्रंथपाल म्हणाले. "नागपूरले बी विचारलं आपण, कुठंच नाही भेटलं. मॅडम, तुमच्या विषयाचं हाये म्हणून विचारतो. असं पुस्तक हाये तरी का?"

निदान त्यांना तरी खरं सांगता आलं असतं.

"जुनं आहे," मी म्हटलं. "आता छापत नाहीत."